एच. एम. टी. घड्याळांचा उदय व अस्त : सोलापुरांतील कांहीं घड्याळांच्या आधारें एक टिपण

(१)

मंडळाच्या सभांतून ताम्रपट, सनदा, महजर, नाणीं व शिक्के यांचें वाचन नेहमीं होत असतें. त्या मालिकेंत मनगटावरचें घड्याळ आणून बसविणें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या वस्तूवर ती करणाराचें नांव, देशाचा उल्लेख, अनुक्रमांक व लेख हीं सर्व सांपडतात, आणि जी लाखों लोकांच्या हातांतून फिरलेली असते, ती वस्तु नाण्याहून फारशी निराळी नव्हे. नाण्यावरून राज्याचा विस्तार व ऱ्हास कळतो, तसा एच. एम. टी. घड्याळांवरून स्वतंत्र भारताच्या एका उद्योगाचा विस्तार व ऱ्हास कळतो.

हें टिपण लिहिण्यास आणखी एक कारण आहे, आणि तें अधिक निकडीचें आहे. मागें एका बैठकींत प्रस्तुत लेखकानें एक एच. एम. टी. घड्याळ दाखवून त्याच्या तबकडीच्या आधारें एक विधान केलें होतें. तें विधान चुकीचें होतें. चूक झाली ती कशी झाली व कशी उघडकीस आली, हें सांगितल्यावांचून दुसरा संग्राहक त्याच खड्ड्यांत पडल्याशिवाय राहणार नाहीं. म्हणून आधीं या घड्याळांचा इतिहास देऊन मग त्या चुकीकडे वळतों.

(२)

‘घड्याळ’ हा शब्द घटी, घटिका या शब्दांच्या कुळांतला. दिवसरात्रीच्या साठ घटिका, आणि प्रत्येक घटिका चोवीस मिनिटांची. बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यानें भरलेल्या घंगाळांत सोडावयाचें. तें भरून बुडालें कीं एक घटिका झाली. ‘तास’ हा शब्द फारसींतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ वाटी किंवा पात्र असाच आहे. पुढें ज्या कांशाच्या थाळीवर टोला देऊन वेळ कळवीत, त्या थाळीसही तास म्हणूं लागले, आणि अखेर तोच शब्द साठ मिनिटांचा वाचक झाला. म्हणजे कालमापनाचे आपले दोन्ही नेहमींचे शब्द पाण्यांत बुडणाऱ्या वाटींतून निघालेले आहेत. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र मांडण्याची चाल तर मनगटी घड्याळें येऊन पुष्कळ वर्षें झालीं तरी चालूच होती. मुहूर्त पात्रावर पाहावयाचा आणि नवरदेवाच्या हातांत सासऱ्यानें दिलेलें घड्याळ, असा दुहेरी देखावा जुन्या पिढीनें पाहिलेला आहे.

(३)

सोलापुरास यंत्राचा वेळ आला तो आगगाडीबरोबर. १८६० च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रस्ता येथवर पोंचला. पुढें रेल्वेनें मद्रासचा वेळ प्रमाण धरला. सोलापूर सुमारें ७५ अंश ५४ कला पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळें येथील सूर्यावरचा मध्यम वेळ ग्रीनिचच्या पुढें ५ तास ३ मिनिटें ३६ सेकंद येतो. मद्रासचा वेळ ५ तास २१ मिनिटें, आणि मुंबईचा ४ तास ५१ मिनिटें. तेव्हां गांवांत ऊन माथ्यावर आलें, म्हणजे स्टेशनावरच्या घड्याळांत बारा वाजून सुमारें साडेसतरा मिनिटें झालेलीं असत, आणि मुंबईच्या वेळेनें चालणाराचे बारा वाजावयास बारा मिनिटांहून थोडा अधिक अवकाश असे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपांच तासांचा हिंदुस्थानचा प्रमाण वेळ लागू झाला. त्याच्याशींही सोलापूरचा सूर्य सुमारें साडेसव्वीस मिनिटांनीं मागेंच आहे. मुंबईनें तर आपला जुना वेळ स्वातंत्र्यप्राप्तीनंतरपर्यंत धरून ठेवला होता.

हा हिशेब येथें मुद्दाम दिला आहे. जुन्या पत्रांत किंवा दप्तरांत ‘दहा वाजतां’ असा उल्लेख आला, तर तो कोणत्या वेळेचा हें ठरविल्यावांचून पुढें जाऊं नये.

सामान्य मजुरास मात्र या वादाशीं कर्तव्य नव्हतें. १८७० नंतरच्या दशकांत मोरारजी गोकुळदास यांच्या प्रयत्नानें सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी निघाली. तीच पुढें ‘जुनी गिरणी’ या नांवानें ओळखली गेली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु इत्यादि गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचा भोंगा हेंच अर्ध्या गांवाचें घड्याळ. भोंग्याच्या वेळेवर चूल पेटे, भोंग्यावर पाळी बदले. घड्याळ गिरणीच्या मालकीचें. कामगाराच्या वांट्यास त्याचा आवाज तेवढा येई. ही स्थिति पालटून घड्याळ कामगाराच्या स्वतःच्या मनगटावर केव्हां आलें, हाच या टिपणाचा खरा विषय आहे.

(४)

पूर्वीं आपल्याकडचीं घड्याळें बहुतेक विलायती, आणि त्यांतहि स्वित्झर्लंडचीं. फाव्र-ल्यूबा या स्विस पेढीचा मुंबईशीं संबंध १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनी हें नांव १८८६ पासून हिंदुस्थानच्या पेठेंत रूढ झालें, आणि रेल्वे व लष्कर यांतील नोकरांत तीं घड्याळें फार चालत. परंतु असें घड्याळ बाळगणारा म्हणजे वकील, डॉक्टर, सरकारी कामगार किंवा सधन व्यापारी. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई पडून आयातीवर निर्बंध आले, तेव्हां घड्याळांची चोरटी आयात बळावली. गरज तर वाढत चालली होती: कारखाने, शाळा, कचेऱ्या, आगगाड्या, एस. टी. च्या मोटारी, या सर्वांस घड्याळ पाहून चालणारा माणूस हवा होता. माल मात्र परदेशांतून चोरून यावयाचा! ही विसंगति दूर करण्याचें काम सरकारनें आपल्याच एका कारखान्यावर सोंपविलें.

(५)

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ सालीं स्थापन झाली. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन या पेढीच्या सहकार्यानें बंगळूराजवळील जलहळ्ळी येथें लेथ व तत्सम यंत्रें तयार करण्याचें काम तिच्याकडे होतें. यंत्रें तयार करणारीं यंत्रें आधीं देशांत झालीं पाहिजेत, या धोरणाचें तें फळ. घड्याळ हा त्या वृक्षास नंतर फुटलेला फांटा आहे. १९६१ सालीं जपानच्या सिटिझन वॉच कंपनीशीं सहकार्य करून बंगळूर येथें मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि पहिल्या घड्याळांचें प्रकाशन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें.

आरंभीच्या कांहीं घड्याळांच्या तबकडीवर ‘एच. एम. टी.’ व ‘सिटिझन’ अशीं दोन्ही नांवें रोमन लिपींत आढळतात. पुढें दुसरें नांव गळून पहिलेंच राहिलें. नाण्यांवर आरंभीं सार्वभौमाचें नांव आणि नंतर केवळ स्वतःचें नांव घालणाऱ्या संस्थानिकाची आठवण येथें वाचकांस होईल. जोडनांवाचें घड्याळ सांपडल्यास तें आरंभींच्या काळांतील होय, इतका निर्णय त्यावरून निःशंकपणें करतां येतो.

‘सिटिझन’ म्हणजे नागरिक. १९२४ सालीं जपानांत एका खिशांतील घड्याळास हें नांव दिलें गेलें, आणि १९३० सालीं तेंच कंपनीचें नांव झालें. तिच्या सहकार्यानें निघालेल्या आपल्या घड्याळांपैकीं जें अत्यंत साधें व सर्वांत अधिक लोकप्रिय झालें, त्याचें नांव ‘जनता’. एका नांवावरून दुसरें सुचलें असें आम्ही म्हणत नाहीं. तसा लेखी पुरावा आमच्यापाशीं नाहीं. परंतु दोन्ही नांवांमागें कल्पना एकच आहे, ती ही कीं, घड्याळ हा श्रीमंताचा अलंकार न राहतां सर्वांचें साधन व्हावें.

(६)

नांवांचा प्रश्न निघालाच आहे, तर त्याकडे थोडें अधिक पाहूं. जनता, जवाहर, तरुण, पायलट, कोहिनूर, कांचन, सोना, रजत, विजय. स्त्रियांसाठीं सुजाता, नूतन, प्रिया. काश्मिरांतील कारखान्यावरून चिनार. पायलट हें एक नांव सोडलें तर वरील बहुतेक नांवें संस्कृत, फारसी किंवा चालत्या हिंदींतलीं आहेत. विलायती घड्याळाचें नांव उच्चारतांना ज्याची जीभ अडखळे, त्यास हीं नांवें घरच्यासारखीं वाटत. कांहीं तबकड्यांवर अंक व नांव देवनागरींत छापलेले आहेत. अंधांसाठीं उठावाच्या ठिपक्यांचें ब्रेल घड्याळही या कंपनीनें काढलें. तिनें स्वतःस देशाची ‘धडकन’ म्हणवून घेतलें, तें जाहिरातीचें वाक्य असलें तरी एका काळीं अगदींच पोकळ नव्हतें. दहा कोटींहून अधिक घड्याळें तयार केल्याचें कंपनी सांगत असे.

यंत्राविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे, कारण पुढील निर्णय त्यावर अवलंबून आहे. जनता, पायलट इत्यादि चावीच्या घड्याळांत ०२३१ या क्रमांकाचें सतरा खड्यांचें यंत्र असे. खडे म्हणजे कृत्रिम माणकें. चाकांच्या आंसांची टोकें त्यांत फिरत असल्यामुळें झीज कमी होते. चावी दिली कीं डब्यांतील कमान गुंडाळली जाते. ती उलगडतांना चाकांस गति देते. आणि तोलाचें चक्र केंसासारख्या बारीक तारेच्या जोरावर सेकंदास पांच आंदोलनें घेऊन त्या गतीस लगाम घालतें. चोवीस तासांनीं पुन्हां चावी द्यावयाची. कांचन यासारख्या आपोआप चालणाऱ्या घड्याळांत हाताच्या हालचालीनें फिरणारें एक वजन चावीचें काम करी. हें यंत्र असें कीं, कोणत्याही तालुक्याच्या गांवचा घड्याळजी तें उघडूं शके, धुऊं शके, तेल घालूं शके. त्याचें तुटलेलें अंग दुसऱ्या घड्याळांतून काढून बसवितां येई. या गुणामुळें तीं घड्याळें पन्नास वर्षें चाललीं, आणि याच गुणामुळें आज त्यांचा खरेखोटेपणा ठरविणें कठीण झालें आहे.

(७)

सोलापुरासारख्या गिरणी व मागांच्या गांवांत या घड्याळास तीन प्रसंगीं मान मिळाला. पहिला प्रसंग लग्नाचा. जांवयास घड्याळ ही मागणी ठरावाच्या बोलण्यांत असे, आणि ‘कांचन’ मिळावें म्हणून वधूपित्याची फार धांवपळ होई. मागणीच्या मानानें पुरवठा कमी, त्यामुळें छापील किंमतीहून अधिक दाम मोजून तें मिळवावें लागे. दुसरा प्रसंग परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्याचा किंवा पहिल्या पगाराचा. तिसरा सेवानिवृत्तीचा. शाळा, कचेऱ्या, बँका व कारखाने येथून निवृत्त होणाऱ्यास हार, श्रीफळ व घड्याळ देण्याची चाल पडली, आणि मागच्या झांकणावर नांव, तारीख व संस्थेचा उल्लेख कोरण्यांत येऊं लागला. असे कोरलेले लेख म्हणजे आमच्या मतें छोटे ताम्रपटच होत. त्यांत दाता, ग्राही, निमित्त व मिति हीं चारही अंगें असतात.

याहूनही मोलाचा एक पुरावा झांकणाच्या आंतल्या बाजूस सांपडतो. घड्याळजी दुरुस्ती करतांना सुईच्या टोंकानें तेथें आपली खूण व तारीख ओरखडून ठेवी, म्हणजे तेंच घड्याळ परत आल्यास पूर्वीं केव्हां उघडलें होतें तें त्यास कळे. पोथीच्या समासांत निरनिराळ्या वाचकांनीं टिपा लिहाव्या तशा ह्या खुणा आहेत. एकाच झांकणांत पांचसहा हातांच्या खुणा, कांहीं मराठी, कांहीं कानडी, तर कांहीं तेलुगु अंकांत असणें हें या त्रिभाषी गांवांत नवलाचें नाहीं.

(८)

आतां ऱ्हासाकडे वळूं. त्याची कारणें सांगतांना एकाच कारणावर सर्व भार घालण्याची चूक होत असते. आमच्या दृष्टीनें तीं चार आहेत, आणि तीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत.

पहिलें, यंत्राचा पालट. गारेच्या स्फटिकास विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला असतां तो सेकंदास ३२,७६८ आंदोलनें घेतो. सेकंदास पांच आंदोलनें घेणाऱ्या चक्राची त्याच्याशीं बरोबरी होणें शक्यच नव्हतें. चावीचें उत्तम घड्याळही दिवसाकांठीं कांहीं सेकंद इकडेतिकडे होतें; स्फटिकाचें घड्याळ महिन्याकांठीं तितकें होतें. आश्चर्याची गोष्ट ही कीं, असें क्वार्ट्झ घड्याळ एच. एम. टी. नें १९८१ च्या सुमारास स्वतःच काढलें होतें. नव्या यंत्राचें अज्ञान हें या अस्ताचें कारण नव्हे. परंतु तें महाग पडलें, फारसें खपलें नाहीं, आणि कंपनीनें आपला मुख्य भर चावीच्या घड्याळावरच ठेवला. ज्याची मागणी पुरी करतां करतां नाकीं नऊ आले होते, तें सोडून न खपणाऱ्या मालामागें लागावें, असें त्या वेळीं कोणास वाटणार? यश हेंच येथें आंधळेपणाचें मूळ झालें.

दुसरें कारण प्रतिस्पर्धी. १९८० नंतरच्या दशकांत हैदराबादच्या ऑल्विन कंपनीनें जपानच्या सायको कंपनीच्या सहकार्यानें घड्याळें काढलीं. त्याहून मोठी स्पर्धा टायटनची. टाटा उद्योगसमूह व तामिळनाडू सरकारचें औद्योगिक विकास महामंडळ यांनीं मिळून १९८४ सालीं ती कंपनी काढली, आणि १९८७ सालीं होसूरच्या कारखान्याचा माल बाजारांत आला. होसूर बंगळुराहून अगदीं जवळ आहे. या मंडळीनें आरंभापासून क्वार्ट्झवर भर दिला, घड्याळास पोषाखाचा भाग मानलें, आणि तें सजविलेल्या दुकानांतून विकलें. एच. एम. टी. चें गिऱ्हाईक रांगेंत उभें राहण्यास शिकलेलें होतें. टायटननें त्यास निवड करण्यास शिकविलें. १९९१ नंतर आयातीचीं बंधनें सैल होत गेलीं, आणि स्वस्त परदेशी क्वार्ट्झ घड्याळें पदपथावर ढिगानें विकलीं जाऊं लागलीं.

तिसरें, कारखान्यांचा पसारा. बंगळुराखेरीज श्रीनगर, तुमकूर व हल्द्वानीजवळील राणीबाग येथें कारखाने निघाले. मागास किंवा दूरच्या प्रांतांत उद्योग न्यावा हा हेतु स्तुत्य होता, आणि हजारों कुटुंबांस त्यानें अन्न दिलें. परंतु माल खपेनासा झाल्यावर तोच पसारा भार झाला. श्रीनगरचें दुर्दैव तर निराळेंच. तेथील कारखान्याच्या सरव्यवस्थापकांचें एप्रिल १९९० मध्यें दहशतवाद्यांनीं अपहरण करून हत्या केली. त्या कारखान्याच्या नशिबाचा विचार केवळ जमाखर्चाच्या वहीवरून करतां येणार नाहीं.

चौथें कारण सरकारी मालकीचें. खाजगी धनी तोटा दिसूं लागतांच हात आंखडतो किंवा धोरण पालटतो. सरकारी कारखान्यास यांपैकीं कांहींच चटकन करतां येत नाहीं. २००० सालच्या सुमारास घड्याळांचा व्यवहार एच. एम. टी. वॉचेस या वेगळ्या कंपनीकडे सोंपविण्यांत आला, पण तोटा थांबला नाहीं. एव्हांना वेळ पाहण्यासाठीं मनगटाकडे पाहण्याची संवयच मोबाइल फोनामुळें मोडूं लागली होती. २०१४ सालीं कंपनी बंद करण्याचा विचार जाहीर झाला, आणि जानेवारी २०१६ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनें एच. एम. टी. वॉचेस व एच. एम. टी. चिनार वॉचेस यांच्या समाप्तीस मान्यता दिली. तुमकूरची जागा पुढें अवकाश-संशोधन संस्थेकडे गेली. मूळ कंपनीच्या नांवानें त्यानंतरही थोडीं घड्याळें निघालीं, परंतु तो जुना व्यवहार नव्हे.

सोलापूरकरांस ही कथा अपरिचित नाहीं. येथील जुनी गिरणी १९६० नंतरच्या दशकांत बंद पडली, आणि पुढें इतर मोठ्या गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. ज्या कामगारास निवृत्तीच्या दिवशीं घड्याळ मिळालें, त्याची गिरणी आधीं गेली आणि घड्याळाची कंपनी मागून गेली. घड्याळ मात्र चावी दिली तर अद्याप चालतें.

(९)

आतां आमच्या चुकीकडे. बाजारांत घेतलेलें एक घड्याळ आम्हीं बैठकींत दाखविलें होतें. तबकडी गर्द तांबडी, मध्यें अशोकचक्र, वर देवनागरींत नांव व देवनागरी अंक. इतकी सुबक तबकडी पाहून आम्हीं असें प्रतिपादन केलें कीं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षीं, म्हणजे १९७२ सालीं, कंपनीनें काढलेल्या विशेष घड्याळांपैकीं हें एक असावें. आधार काय, तर अशोकचक्र व देवनागरी लेख. म्हणजे लेखावरून काळ ठरविला आणि त्या काळावरून लेख खरा ठरविला! नवशिक्यानें सनद वाचतांना अशी चूक केली असती, तर तीस आम्हीच हंसलों असतों.

पुढें एका वयोवृद्ध घड्याळजींनीं तें उघडून पाहिलें. यंत्र ०२३१ क्रमांकाचें व अस्सल निघालें. पेटीही कंपनीचीच. परंतु भिंगांतून पाहतां तांबड्या रंगाच्या कडेखालीं जुन्या पांढऱ्या तबकडीचा थर दिसला. सहाच्या आंकड्याखालीं, जेथें कंपनीचीं बारीक अक्षरें असावयाचीं, तेथें नव्या अक्षरांच्या आड जुन्या अक्षरांचे पुसट अवशेष होते. मिनिटाचा कांटा मिनिटांच्या रेषांपर्यंत पोंचत नव्हता, कारण तो दुसऱ्याच घड्याळाचा होता. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, आणि दोन ‘त’ दोन वळणांचे. सारांश, कोणा कारागिरानें गंजलेली तबकडी खरवडून, रंगवून, त्यावर आजच्या गिऱ्हाइकास भुलविणारा लेख छापला होता. संग्राहकांच्या बोलण्यांत अशा मालास ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. शिक्का खरा, कागद जुना, आणि मजकूर मात्र खरवडून नवा लिहिलेला, अशा सनदा आपण पाहिल्या आहेत. हें घड्याळ त्याच जातीचें.

यास्तव १९७२ सालच्या विशेष घड्याळाविषयींचें आमचें विधान आम्ही मागें घेतों. अभ्यासकांनीं तें प्रमाण मानूं नये.

येथें एक भेद मात्र राखला पाहिजे. पावसाळ्यांत पाणी शिरून गेलेली तबकडी मालकानें पुन्हां रंगवून घेतली, तर ती दुरुस्ती होय. जीर्ण पोथीची नक्कल करणें जसें निर्दोष, तसेंच हें. मूळांत कधींच नव्हता असा लेख घालून तें घड्याळ दुर्मिळ म्हणून विकणें ही बनावट. पहिल्याची नोंद करावी, दुसऱ्याचा निषेध करावा. दोन्हींवर एकच शिक्का मारणें अन्यायाचें होईल, कारण त्या घड्याळजींनींच आम्हांस सांगितल्याप्रमाणें, गरिबाचें एकुलतें एक घड्याळ पुन्हां हातांत घालण्याजोगें करून देणें हा त्यांच्या धंद्याचा धर्म होता.

(१०)

अनुभवावरून संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. घड्याळ उघडून पाहिल्यावांचून त्याच्याविषयीं लिहूं नये. तबकडी, कांटे, पेटी, झांकण व यंत्र या पांच अंगांचें परीक्षण स्वतंत्र करावें, आणि पांचही एका काळचीं आहेत कीं नाहींत तें नोंदवावें. कंपनीच्या जाहिराती व छापील याद्या यांशीं ताडून पाहावें. झांकणाच्या आंतील खुणा पुसूं किंवा चकचकीत करूं नयेत. घांसून उजळलेलें नाणें जसें मुकें होतें तसेंच तें झांकणही होतें. आणि घड्याळ कोणाच्या घरून, कोणत्या प्रसंगाचें म्हणून आलें, हें विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावें. कुळकथा तुटलेलें घड्याळ म्हणजे उगमस्थान हरवलेला कागद.

याहून मोठी निकड कागदांची आहे. जलहळ्ळीस कंपनीनें संग्रहालय उभें केलें आहे. तेथें यंत्रें व नमुने पाहावयास मिळतात. परंतु कारखान्याचें दप्तर कारखान्याचीच बाजू सांगतें. घेणाऱ्याची, विकणाऱ्याची व दुरुस्त करणाऱ्याची बाजू गांवोगांवच्या पेढ्यांत पडून आहे: हमीपत्रें, पावत्या, दुकानाच्या विक्रीच्या वह्या, घड्याळजींच्या दुरुस्तीच्या नोंदवह्या. जीं दुकानें बंद होत आहेत, त्यांच्या वह्या रद्दींत जात आहेत. सरदारांचीं दप्तरें वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलीं म्हणून आपण मागच्या पिढ्यांस दोष देतों. आपल्या डोळ्यांदेखत तोच प्रकार चालला आहे, आणि या वेळीं दोष देण्यास दुसरें कोणी नाहीं.

तें तांबडें घड्याळ आम्हीं टाकलें नाहीं. ‘यंत्र व पेटी अस्सल, तबकडी बनावट, कांटे परके’ अशी चिठ्ठी बांधून तें संग्रहांत ठेवलें आहे. ज्यांस खरेंखोटें पारखण्याचा सराव करावयाचा असेल, त्यांनीं तें अवश्य येऊन पाहावें. असो.